झीलकरी खंडोजीची गिटार

खंडोजी राजाजीनगरचा गडी. यशवंतपूरच्या एका कारखान्यात लेथवर लोखंड सोलायचा. घराण्याला बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की मूळ गाव विचारलं तर तो खुशाल 'तुळजापूरकडचं' म्हणून मोकळा व्हायचा. कुलदेवी तिथली, मग गावही तिथलंच असणार, असा त्याचा हिशोब. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि रागावला की दोन्हींची भेळ.

मंगळवारी नात्यागोत्यात कुणाकडं तरी देवीचा गोंधळ असायचा. चुलते मल्हारराव पुढं उभे राहून गायचे आणि खंडोजी त्यांच्या मागं झील धरायचा. झील धरणं म्हणजे सोपं काम नव्हे. नायकानं ओळ सोडली की तिचं शेपूट वरच्यावर पकडायचं, उंच सुरात तसंच्या तसं परत द्यायचं, तेवढ्यात नायकानं दम खायचा. पदरचं एक अक्षर घालायचं नाही. घातलं तर मल्हारराव देवीसमोरच डोळे वटारायचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून खंडोजीच्या गळ्याला हेच वळण.

असा माणूस चाळिशीत गिटारीच्या नादी लागला तो डेंझिलमुळं. डेंझिल हा रेल्वेतला निवृत्त गार्ड. यशवंतपूर स्टेशनामागच्या कॉलनीत राहायचा, सॅक्सोफोन फुंकायचा, गिटार शिकवायचा. शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या हॉलात नाचाचा कार्यक्रम असे, तिथं त्याचाच बँड. एकदा त्याच्या सॅक्सोफोनचा बारका स्क्रू झिजला, तो खंडोजीनं लेथवर नवा काढून दिला. द्यायला गेला, भिंतीवरची गिटार सहज हातात घेतली आणि ती काही त्याच्या मनातून खाली उतरेना. मग पाळी सुटली की गडी सरळ मास्तराच्या दारात.

लहानपणी पेटी वाजवलेला हात, त्यामुळं कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे जुडगे, झटक्यात बसले. वर्ष-दीड वर्ष असं गेलं आणि बँडचा गिटारवाला दुबईला निघून गेला. डेंझिल म्हणाला, "शनिवारी तू बस. पण आमच्यात प्रत्येकाला एक फेरी एकट्यानं वाजवावी लागते, मनातलं. ती निभावलीस तर जागा तुझी. नाहीतर बनशंकरी भागातला एक गिटारवाला कधीचा मागं लागलाय."

दोघं कन्नडमध्येच बोलायचे, मधे डेंझिलच्या इंग्रजी शिव्या पेरलेल्या.

फेरीसाठी डेंझिलनं त्याला पाच सूर दिले. खंडोजीनं ते तारेवर चाचपले आणि हसला. "मास्तर, ह्यो तर आमचा भूप. गंधार तेवढा खाली उतरवलाय."

"असेल तुमचा. खालचा कॉर्ड बदलला की बघ कसा वागतो."

आणि तसंच होतं. बुडाशी कॉर्ड हलला की मघाचा घरधनी सूर पाहुणा व्हायचा आणि कोपऱ्यातला पाहुणा पाटावर येऊन बसायचा. शिवाय चालही निराळी. ठोक्यावर पाय टाकायचा नाही, ठोक्याच्या जरा मागं रेंगाळायचं, चिखलातून बैलानं पाय उपसत यावं तसं. खंडोजीला ती चाल फार भावली. कारखान्याच्या वाटेवरही तो तसाच चालायला लागला.

रोज सकाळी पाळीला जायच्या आधी तो मास्तरानं घरी न्यायला दिलेली गिटार उंबऱ्यावर बसून घासायचा. लेथनं तळहाताला घट्टे दिले होते, बोटांच्या शेंड्यांना नव्हते दिले. तारा नेमक्या तिथंच चावायच्या. आत बायको विमला रागीचे, म्हणजे नाचणीचे, गोळे वळता वळता म्हणायची, "अवो, त्याच पाच पायऱ्या चढताय नि उतरताय. वर माळ्यावर काय ठिवलंय का न्हाई?"

"अगं, स्वल्प थांब की. आदी पायऱ्या तरी पायाखाली येऊ देत."

"येऊ देत. कुकर तुमच्याआदी सुरात आला."

पायऱ्या पायाखाली आल्या. वरून, खालून, मधूनच कुठूनही उचलल्या तरी बोटं चुकेनात. अडलं ते पुढंच. सरावाला डेंझिल सॅक्सोफोनवर आपली फेरी संपवायचा, मानेनं खूण करायचा आणि खंडोजी काय करायचा? मास्तराच्या फेरीचं शेपूट तारेवर तसंच्या तसं परत द्यायचा. सूर चोख, ताल चोख. पुढं बोटं गप्प.

"अरे, मी काय बोललो ते मला माहीत आहे. तुझं सांग!"

"मास्तर, तुम्ही टाकलेलं खाली कसं पडू देऊ?"

"पडू दे. फुटत नाही ते!"

सांगून काय उपयोग? सगळ्या जन्माची सवय. मंगळवारच्या गोंधळात मल्हाररावांनीही टोचलं, "काय रे, गार्डसाहेबाच्या मागं झील धरतोस म्हणं. बिदागी तरी नारळाचीच काय?" खंडोजी हसला खरा, पण शनिवारच्या धास्तीनं त्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. जागा गेली तर पुन्हा भिंतीवरचीच गिटार आणि उंबऱ्यावरच्या पायऱ्या. चार माणसांत बसून वाजवायची चटक आता लागली होती.

शनिवारी हॉल भरला. विमला ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या बाजूला कटलेटच्या टेबलाशी उभी. जोड्या नाचत होत्या. डेंझिलनं आपली फेरी फुंकली, शेवटाला एक झोकदार गिरकी घेतली आणि मान हलवली.

खंडोजीनं गिरकी झेलली आणि परत दिली. जशीच्या तशी.

नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. डेंझिलला कळलं. त्यानं सॅक्सोफोन खुर्चीला अडकवला आणि तडक मंचावरून उतरून कटलेटकडं चालू लागला.

"मास्तर, चिडलात व्हय?" विमलानं विचारलं.

"स्वल्प थांबा, अम्मा," म्हणत त्यानं बशी उचलली. पाठ मंचाकडं.

खंडोजीनं पुन्हा शेपूट उचललं आणि बघतो तर पुढं कुणीच नाही. झील द्यायची कुणाला? एवढ्यात मागच्या पियानोवाल्यानं बुडाचा कॉर्ड हलवला आणि गिरकीचा शेवटचा सूर बेवारशागत लोंबकळला. खंडोजीनं तो एक पायरी वर सारला. बसला. मग काय करावं सुचेना म्हणून तो नुसता थांबला. ढोलवाला वाट बघत थापत राहिला. त्या मोकळ्या जागेत खंडोजीनं तीन सूर टाकले. ते डेंझिलचे नव्हते. फार ग्रेटही नव्हते. एक तर साफ चुकलाच, पण त्यानं तार बोटानं रेटून, पात्याला धार लावावी तसा घासत तो जागेवर आणला. ढोलवाल्याला हसू फुटलं आणि त्यानं झांजेवर एक फटका हाणला. तो फटका खंडोजीनं झेलला नाही. त्याला उत्तर दिलं. मग वरनं खाली, मधूनच वर, रेंगाळत, पाय उपसत, गडी चालतच सुटला.

फेरी संपली. डेंझिल वळला. तोंडात कटलेट, त्यामुळं बोलता येईना. त्यानं बोट हवेत गोल फिरवलं. अजून एक. खंडोजीनं अजून एक वाजवली.

कार्यक्रम उरकल्यावर सगळे वायरी गुंडाळत होते. डेंझिल म्हणाला, "दुसरी फेरी बरी होती. पहिलीचा निम्मा माल माझा होता. परत केलास, उपकार झाले."

"मग जागा?"

"बनशंकरीच्याला सांगतो, येऊ नको. आता सरावाला मंगळवारी नि गुरुवारी यायचं. चुकवायचं नाही."

"मंगळवार न्हाई जमायचा, मास्तर. गोंधळ असतो. काकांच्या मागं झील धरायला दुसरं माणूस न्हाई."

डेंझिलनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. आत्ताच एवढी खोड मोडली आणि हा परत तिथंच निघाला. मग त्यानं खांदे उडवले.

"बुधवार?"

"सरी, बुधवार चालेल," खंडोजी म्हणाला आणि अँप्लिफायरची एक बाजू उचलून धरली.