टर्बो थंड होईपर्यंत

ताईच्या डाव्या डोळ्यासाठी मी जुन्या गाडीला टर्बो बसवला, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे. आता ती सगळी धावपळ संपली आहे, अंगात काही नवं करायची ताकद नाही, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि जबलपुरातल्या गढ्याच्या आमच्या घरात माझ्या संसाराबरोबर राहिली. तिचा उजवा डोळा गेला तेव्हा तिलाच कळलं नाही, कारण डावा सगळं काम भागवत होता. मग एका सकाळी तिने मला विचारलं, "दाराची चौकट वाकडी झाली का रे?" मी लष्करी गाड्यांच्या कारखान्यात उभं आयुष्य इन्स्पेक्शनला काढलेलं. चौकटीला पोलादी पट्टी लावून दाखवली. ताईला ती पट्टीही मधेच वाकलेली दिसली.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर सूज आहे, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, त्याने आहे ती नजर टिकवता येईल. जबलपूरलाही डॉक्टर आहेत. पण ताईचा भरवसा ह्याच माणसावर बसला, कारण त्याने तिला आजी न म्हणता मॅडम म्हटलं आणि डोळ्याची आकृती काढून समजावलं. ताईने एकदा ठरवलं की माझं तिच्यापुढे काही चालत नाही. दोनदा रेल्वेने गेलो. दुसऱ्या खेपेला स्टेशनच्या जिन्यावर तिला पायऱ्या दिसेनात आणि ती पडता पडता वाचली. मग गाडीच काढली.

गाडी डिझेलची, साधी, माझ्या नोकरीच्या दिवसांतली. पहाटे निघून लखनादौन, सिवनी करत जाताना तिची काही तक्रार नसे. रडगाणं असायचं ते परतताना, कुरई घाटाच्या चढावर. डोळ्यावर पट्टी, धूळ जाता कामा नये म्हणून काचा बंद, काचा बंद म्हणून एसी, आणि एसी लावला की चढावर गाडीचा जीव जायचा. मागून ट्रकवाले हॉर्न मारत. एका मे महिन्यात मी वैतागून एसी बंद केला. घाट संपेपर्यंत ताईचा घाम पट्टीखाली उतरला होता, आणि दोन दिवसांत डोळा लाल. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "संसर्ग झाला असता तर हाही डोळा गेला असता." ताईचा एकच डोळा उरला होता आणि तो मी घाटात घालवला असता, हे डोक्यातून जाईना.

नवी गाडी घ्या असं सांगणारे खूप निघाले. नवी गाडी आणि दर महिन्याचं इंजेक्शन, दोन्ही मला झेपणारं नव्हतं. शिवाय ह्या इंजिनाला मी ओळखत होतो. आपल्या माणसाचा खोकला जसा भिंतीपलीकडून ओळखू येतो, तसा मला त्याचा आवाज कळत असे.

रिछाईच्या औद्योगिक वस्तीत एक मिस्त्री आहे. डिझेलच्या कामात त्याच्यासारखा हात जबलपुरात दुसऱ्याचा नाही, हे त्याचं स्वतःचंही मत आहे. तो म्हणाला, "साहब, यही इंजन बाद में टर्बो के साथ आया था. बिठा देते हैं, घाट पर एसी लगाके जाओ." टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारं चाक. ते जास्तीची हवा आत कोंबतं आणि तेवढ्याच इंजिनातून जास्तीची ताकद काढतं. पण माझ्या इंजिनाचे पिस्टन त्यासाठी केलेले नव्हते. जास्त दाब दिला, जास्त डिझेल पाजलं, तर ते वितळायलाही वेळ लागणार नाही. मी मिस्त्रीला बजावलं, दाब कमीत कमी ठेवायचा, डिझेलच्या स्क्रूला हात लावायचा नाही. मला शर्यत लावायची नव्हती, एसी लावून घाट चढायचा होता.

भंगारातून आणलेले दोन टर्बो मी नापास केले. शाफ्टला बोट लावून हलवलं तर हालचाल नको इतकी होती. तिसऱ्याला मी केसाएवढी हालचाल मोजणारा डायल गेज लावला तेव्हा मिस्त्री शेजारच्या वेल्डरला जबलपुरी थाटात हाक मारून म्हणाला, "बड्डे, इनको कुछ मत सिखाना, इनने तो मिलिट्री की गाड़ियाँ लौटाई हैं." तिसरा पास झाला. सगळं बसवलं, आणि आठवड्याभरात गाडी निळा धूर ओकू लागली. टर्बोला तेल जातं ते दाबाने, पण परत येतं ते आपल्या वजनाने, उतारावरून. मिस्त्रीने परतीच्या नळीला मधे कुबड ठेवलं होतं. तेल तिथे तुंबायचं आणि सीलमधून गळायचं. मी पाय पसरून गाडीखाली झोपलो, कुबड दाखवलं. त्याने नळी कापून सरळ उताराची केली. सॉरी काही म्हणाला नाही, चहा मागवला.

तेव्हापासून मी त्या टर्बोचा नोकर झालो. तेल निम्म्या अंतरावर बदलायचं. हवेचा फिल्टर दर खेपेआधी काढून पाहायचा, कारण एवढासा खडा त्या चाकाची पाती खाऊन टाकतो. सकाळी गाडी गरम झाल्याशिवाय पाय दाबायचा नाही. धुराचं तापमान दाखवणारा एक काटा डॅशबोर्डवर बसवला आणि त्यावर बायकोच्या नेलपॉलिशने लाल खूण केली. काटा खुणेला टेकला की पाय उचलायचा, मागे कोणी कितीही बोंबलो. ह्यातलं काहीही गाडीच्या कागदांवर नाही, आणि जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाला ते दर वेळी टोचायचं.

आणि शेवटचा नियम, थांबलं की गाडी लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. चढून आलेलं ते चाक तापलेलं असतं, गरगरत असतं. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, जे आत उरतं ते जळून काळी खरपुडी होते, आणि मग एक दिवस टर्बो जाम होतो. तोही बहुधा घाटातच.

हा नियम ताईला फार आवडला. तिला घड्याळ दिसत नव्हतं, म्हणून ती मोजायची. गाडी दाराशी आली की पट्टी बांधलेला चेहरा समोर ठेवून, वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तशी एक, दोन, तीन. बरोबर एकशे वीसला म्हणायची, "कर बंद." मी सुरुवातीला घड्याळ लावून पाहिलं. दोन-तीन सेकंदांचा फरक. हे मी तिला सांगितलं नाही, डोक्यावर बसली असती.

गल्लीतले लोक मात्र वैतागले. समोरचा खिडकीतून ओरडायचा, "भैया, बंद कर लो ना, धुआँ अंदर आ रहा है." ताई मोजता मोजता हात वर करून त्याला गप्प बसवायची. कधी मोजण्याच्या मधेच बोलायची आणि आकडा मात्र चुकायची नाही. एकदा म्हणाली, "गाडीले दोन मिनिटं देऊन राहिला, मले कधी दिले का रे?" मी म्हणालो, "महिन्यातला एक अख्खा दिवस देऊन राहिलो, तो काय कमी आहे?" ती हसली. मी हसलो नव्हतो. मला ते खरंच वाटत होतं.

दोन वर्षं झाली, तिसरं लागलं. मी थकलो. पाठ धरायची, गाडीतून उतरल्यावर पाय जमिनीवर आहेत हे कळायला वेळ लागायचा. खेप जवळ आली की मी फिल्टर तपासता तपासता गाडीत दोष शोधू लागलो, एखादा सापडला तर ह्या महिन्यात राहील, असं मनात येई. इतकी वर्षं दोष शोधून पगार घेतला, पण दोष निघावा अशी इच्छा कधी धरली नव्हती. टर्बो मात्र धडधाकट. ताई रोज सकाळी डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद डोळ्यासमोर धरायची आणि कुठल्या रेघा वाकड्या हे सांगायची. पुढे पुढे ती वाकडेपणा सांगेनाशी झाली. "बरं आहे," एवढंच. सरळ पाहिलं की माझा चेहरा तिला दिसत नव्हता, ती माझ्या कानाकडे पाहून बोलायची, कारण कडेची नजर तेवढी शाबूत होती. मीही जास्त विचारलं नाही.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी डोळ्याचा फोटो काढला आणि ताई औषधाचे थेंब घालून बाहेर बसली असताना मला आत बोलावलं. म्हणाले, "मागे पडद्यावर आता डाग धरलाय. इंजेक्शनाने काही मिळायचं नाही. कडेची नजर राहील, मधली गेली. उगाच एवढ्या लांबून आणू नका. मॅडमना मी सांगू की तुम्ही?" मी म्हणालो, मी सांगतो.

माझ्या मनात त्या क्षणी पहिलं काय आलं ते लिहितो, लपवून काय करू. पुढच्या महिन्यात कुरई चढायची नाही, हे आलं. खांदे खाली आले. मग ताईला खुर्चीत बसलेलं पाहिलं, पर्स मांडीवर, आपला नंबर कधी येतो ह्याची वाट पाहत. मला माझीच लाज वाटली.

"आज सुई नको म्हणाले," मी तिला म्हणालो.

"नको? काहून?"

"गरज नाही म्हणाले."

खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ताई पर्स चाचपून उठली. तिचा हात धरून गाडीपर्यंत आणलं. सुई नाही म्हणून पट्टी नाही, पट्टी नाही म्हणून काचा उघड्या. कुरईच्या आधी तिने हात बाहेर काढला आणि वारा बोटांतून जाऊ दिला. "एसी बंद कर," म्हणाली, "आज कशाले पाहिजे." घाट गाडीने सहज काढला, काटा लाल खुणेच्या जवळही गेला नाही. सिवनीला चहाला थांबलो तेव्हा इथे सांगावं असं ठरवलं होतं. तिने दोन मिनिटं मोजली, मी चहा आणला, आणि बोललो नाही. मग लखनादौनला सांगायचं ठरवलं. लखनादौनला ती डुलक्या घेत होती. कारखान्यात मी लाल खडूने नापासाची फुली मारायचो तेव्हा माझा हात कधी अडखळला नव्हता.

संध्याकाळी गढ्याच्या गल्लीत गाडी शिरली. दाराशी उभी केली आणि मी किल्ली फिरवून बंद करून टाकली. ठरवून नाही. हात आपोआप गेला. आता ह्या टर्बोला सांभाळून ठेवायचं कशासाठी, असं काहीतरी डोक्यात होतं.

गल्ली एकदम शांत झाली. समोरच्या घरातला टीव्ही ऐकू येऊ लागला.

"काहून बंद केली?" ताई म्हणाली. "मी मोजायले लागलीच नव्हती."

"राहू दे ना ताई. आता काय."

बोललो आणि कळलं की सगळं सांगून बसलो. ताईने मान माझ्याकडे वळवली, नेहमीसारखी थोडी बाजूला, माझ्या कानाकडे.

"येऊ नका म्हणाला ना?" तिने विचारलं.

मी स्टिअरिंगवरची धूळ पुसू लागलो.

"मले दवाखान्यातच कळलं. सूज उतरली असती तर तू मोठ्यानं बोलला असता. तुले चांगली गोष्ट हळू आवाजात कधी सांगता आली?"

"मग रस्ताभर बोलली काहून नाही?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिली होती." मग समोरच्या काचेकडे चेहरा करून, शाळेतल्या आवाजात म्हणाली, "चालू कर."

"ताई..."

"चालू कर आधी. एवढं ओझं वाहून आणलं तिनं, तिची काय चूक?"

मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं, तेल पुन्हा वाहू लागलं असणार. समोरच्याची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"मी मोजते," ताई म्हणाली. "तू सांग. सगळं सांग, गाळू नको."

ती मोजू लागली आणि मी सांगू लागलो. डाग म्हणाले ते सांगितलं. मधली नजर परत येणार नाही, वाचणं नाही, चेहरे नाहीत, हे सांगितलं. कडेचं राहील, घरात चालता-फिरता येईल, हे सांगितलं. मग तेही सांगितलं, की डॉक्टर बोलत असताना मला आधी बरं वाटलं होतं, कारण मी थकलो आहे. तिने मोजता मोजता माझा गिअरवरचा हात चाचपून धरला. आकडा चुकली नाही.

एकशे वीसला ती नेहमीसारखी म्हणेल म्हणून मी किल्लीला हात लावून बसलो होतो.

"एकशे एकवीस," ताई म्हणाली. "एकशे बावीस."

मी किल्लीवरचा हात काढून घेतला.