आईच्या मुठीची सुरी

दिवाळीनंतर आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालणं दोन महिन्यांत परतलं. बोलणं तर चार दिवसांतच परतलं, आणि जरा जास्तच परतलं असं मी तिला चिडवायचे. हात मात्र मागे राहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नुसती जागेवर होती, कामाला येत नव्हती.

एके सकाळी तिने मांडणीवरची सुरी काढून माझ्यासमोर ठेवली.

"ही आता तुजी. मला नाय जमायची."

ती फणसाची सुरी. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून खालापूरकडच्या एका लोहाराने घडवलेली, वीतभर पात्याची. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर आमचं घर, आणि आळीत कुणाचाही फणस उतरला की बोलावणं आईला. तिच्या हातून गरा अख्खा निघतो, अशी तिची ख्याती. तीच बाई आता बाजाराची रिकामी पिशवी सरकवावी तशी सुरी माझ्याकडे सरकवत होती. मला राग आला. तिचा नाही, त्या हाताचा.

"मूठ गेलीये तिची," मी म्हटलं. "नवी बसवते, मग बोल."

मूठ खरंच गेली होती. पात्याच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या लाकडी पट्ट्या पाण्याने कुजल्या होत्या, आणि वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळून आईने चार मोसम ढकलले होते. कर्जतला ओळखीच्या सुताराकडे गेले. त्याने सुरी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "ताई, प्लास्टिकच्या मुठीची दुसरी घ्या की. येवड्याशा कामाला लाकूड कुठं कापत बसू?" म्हटलं, नका कापू. साजगावच्या कारखान्यात मी बारा वर्षं तपासणीच्या टेबलाशी उभी आहे. लोखंडी चकत्या मापते, केसभर फरक निघाला तर अख्खी पेटी परत पाठवते. तिथले पुरुष माझ्या नावाने बोटं मोडतात. मला दोन लाकडी पट्ट्या जमणार नाहीत?

लाकूड घरातच होतं. माळ्यावर आईचं खैराचं मुसळ पडलं होतं, एका टोकाला तडा गेलेलं. मी ते खाली उतरवलं तशी आई म्हणाली, "येवडं चांगलं मुसळ कापतेस?"

"तडा गेलाय त्याला."

"मला पन गेलाय. मला पन कापशील का गं?"

खैर म्हणजे लाकूड कमी आणि दगड जास्त. करवतीची दोन पाती तुटली. पण उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, मी तिसरं पातं आणलं. तीन रविवार गेले. दोन पट्ट्या सपाट केल्या, पात्याच्या मागच्या पोलादात जिथे भोकं होती तिथेच त्यांनाही पाडली, गम लावला, पितळेच्या तारेचे तुकडे ठोकून रिबिटं केली. मग कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी अळशीचं तेल. दोन्ही बाजू कारखान्यात चकत्या मापतो त्या व्हर्नियरने मापल्या. कुठेही तसूभर फरक नव्हता. मूठ इतकी गुळगुळीत झाली की तिच्यात खिडकी दिसायची. मी स्वतःवर फार खूश होते.

फाल्गुनात शेजारून भाजीचा कोवळा फणस आला. आई नाही-नाही म्हणत अंगणात बसली. चीक लागू नये म्हणून तिने नेहमीसारखं दोन्ही हातांना आणि पात्याला गोडं तेल चोपडलं, सुरी उचलली, फणसावर टेकवली आणि दाबली. मूठ तिच्या हातात गर्रकन फिरली. सुरी निसटून तिच्या दोन पावलांच्या मधोमध पडली.

ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी न्हाणीत जाऊन रडले.

फणस तेलकट हातानेच कापतात, हे आमच्या आळीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चाळीस वर्षं मी तेच बघत आले. तरी मी बोटं घसरतील अशी मूठ केली, कारण ती छान दिसत होती. कारखान्यात असा माल दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला उभा सोलला असता. त्याच संध्याकाळी रिबिटं फोडली आणि पट्ट्या चुलीत घातल्या.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आईला दाबायला रबरी चेंडू दिला होता. "कुत्र्याचं खेळनं" म्हणून तिने तो कोपऱ्यात टाकला होता आणि त्याऐवजी भाकरीच्या पिठाचा गोळा दाबत बसायची. दुसऱ्या दिवशी तिने परातीत टाकलेला गोळा मी बघितला. शेवटच्या दोन बोटांचे खोल खड्डे होते. अंगठ्याची खूण पुसटशी होती, शेजारच्या बोटाची तर नव्हतीच. तिचा हात कसा धरतो ते त्या पिठाला कळलं होतं आणि मी उगाच व्हर्नियर लावत बसले होते.

मी गोळा तसाच उचलून सुकवला आणि उरलेल्या मुसळातून नव्या पट्ट्या कापल्या. तळव्याकडची पट्टी पुढे, पात्याजवळ जाड ठेवली, म्हणजे अंगठ्याला नुसतं टेकायला मिळेल. बोटांकडच्या पट्टीत शेवटच्या दोन बोटांसाठी खोल जागा कोरली. पॉलिश केलंच नाही. उलट कानशीच्या कडेने आडव्या रेघा ओढल्या.

रोज कामावरून आले की तिच्या हाताला तेल लावून मूठ धरायला द्यायचे. पहिले काही दिवस तिने माझ्या समाधानासाठी धरली. मग एके दिवशी म्हणाली, "हितं खुपतंय." मी घासलं. "अजून. येवडं नको गं, डोळं फुटलं का तुजं?" ती अशी खेकसली आणि मला वाटलं, आपण जिंकलो.

वैशाखात पहिला पिकला फणस आला. आईने तेल चोपडलं, सुरी टेकवली आणि खांदा घालून दाबलं. सुरी हलली नाही. काप सरळ गेला. तिने फणस उघडला, चीक काडीवर गुंडाळून घेतला आणि मधला दांडा कापायला घेतला. निम्म्यात आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"दे, दमलीस," म्हणत मी सुरी घेतली. माझ्या हातात ती बसेचना. पुढचा उंचवटा तळव्यात रुतत होता, बोटं भलत्याच खड्ड्यांत पडत होती. मी दोनदा धरून पाहिली.

आईने तेलकट हात पुढे केला.

"आण हिकडं. माजी हाय ती."

मी दिली.