भिकुबाईंची पेटी धुळ्याला गेली

आमच्या पिंपळनेरची बँक बंद झाली ती दारावर एक कागद चिकटवून. ठेवीच्या वस्तू यापुढे धुळे शाखेत मिळतील, एवढंच त्यावर लिहिलेलं. जसं काही धुळे म्हणजे मागची गल्ली. साक्रीपर्यंत खड्डे, पुढे फुफाटा, सर्व्हिस मोटारीत अर्धा दिवस हाडं खिळखिळी करून घ्यायची तेव्हा कुठे धुळ्याची वेस दिसते. शाखेत नफा उरत नाही म्हणे. नफा नव्हता तर उघडली कशाला, हे मी शाळामास्तर असूनही मला आजतागायत कळलेलं नाही.

उघडली तेव्हाचा थाट आठवतो. केवलचंदशेठ शाखेचे एजंट, म्हणजे प्रमुख, झाले आणि घरोघर फिरून सांगायला लागले, सोनं चुलीखाली पुरू नका, आमच्या तिजोरीत ठेवा. शेजारच्या भिकुबाईंना ते पटलं. त्या विधवा, घरात एकट्या, आणि नवऱ्याने हौसेने घडवलेले गोठ, वाक्या आणि पुतळ्यांची माळ घरात. अंगावर घालायची सोय नाही, मोडायची इच्छा नाही. दागिने पितळी पेटीत घालून त्यांनी बँकेत ठेवले. शेठनी नंबर कोरलेला बिल्ला दिला, तो त्यांनी कमरेच्या पिशवीत बांधला.

हे दागिने तसे साऱ्या गावाचे. गल्लीत कुणाही मुलीचं लग्न निघालं की भिकुबाई बँकेत जायच्या. शेठ त्यांना बघताच किल्ल्या काढायचे, बिल्ला मागायचेही नाहीत. नवरी ते दागिने लेवून बोहल्यावर चढायची, पाचव्या दिवशी ते परत पेटीत. नवरीला स्वतः दागिने घालणं भिकुबाईंना वर्ज्य. त्या ताट सवाष्णीच्या हाती द्यायच्या आणि दाराआड उभ्या राहून बघायच्या. तेवढ्यासाठी त्या वर्षभर लग्नसराईची वाट बघत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकी माझ्या कमलची वेळ आली तेव्हा शाखा बंद. शेठ भावाकडे खामगावला धंद्याला निघून गेलेले. लग्न दोन दिवसांवर. मी भिकुबाईंना घेऊन धुळ्याची मोटार पकडली.

"मास्तर, बँकवाला माले ओळखतीन ना?" त्यांनी वाटेत विचारलं.

"बिल्ला आहे ना, आक्का. ओळखीचं काय काम?" मी म्हणालो.

पाचव्या गल्लीतल्या त्या बँकेत पंखा होता, बाकं होती, आणि जाळीमागे एक कारकून होता. त्याने बिल्ला उलटसुलट केला, चोपडी काढली आणि विचारलं, "बाई, यजमानांचं नाव?"

भिकुबाईंनी पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे त्या कारकुनाच्या घरातही असणार. त्याची आईसुद्धा घेत नसणार. मी तोंड उघडलं.

"तुम्ही नाही. बाईंनी सांगायचं. बिल्ला कुणाच्याही हाती लागू शकतो."

"अहो, त्या कशा सांगतील?"

"मग ओळखीचा माणूस आणा. धुळ्यातला."

धुळ्यात आम्हाला कोण ओळखणार? पिंपळनेरात ओळखणारा होता, त्याच्या दाराला यांनीच कुलूप लावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोललो, विनवलं, मग आवाज चढवला. मॅनेजर बाहेर आले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि कारकुनाचंच म्हणणं मला दुसऱ्यांदा सांगून आत गेले. भिकुबाई इतका वेळ खांबासारख्या उभ्या होत्या. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"अभिमन," त्या म्हणाल्या.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या नवऱ्याला मी लहानपणापासून झुलालभाऊ म्हणत आलो. सारं गाव झुलालच म्हणायचं.

कारकुनाने चोपडीत बोट फिरवलं आणि मान हलवली. "हे नाव नाही."

"झुलाल. झुलाल असेल बघा," मी ओरडलो.

"आता दोन नावं झाली. तिसरं सांगाल. असं चालत नाही. साक्रीच्या मामलेदारांचा दाखला आणा."

मामलेदाराचा दाखला दोन दिवसांत आणायला मी काय गव्हर्नरचा जावई? आम्ही हात हलवत परत फिरलो. मोटारीत मला राहवेना.

"आक्का, पेटी ठेवली तेव्हा शेठनी नाव विचारलं असेल ना?"

"इचारं. मी गप. बाहेर आपला गल्लीना वना बठेल व्हता, तेनी झुलाल सांगं."

म्हणजे चोपडीत काय लिहिलंय ते यांना माहीत होतं. त्या दिवशी वनाचं चुकतंय हे सांगायचं, तर खरं नाव उच्चारावं लागलं असतं. म्हणून त्या गप्प बसल्या. मी कपाळाला हात लावला.

"मग आज झुलालच सांगायचं होतं. माझ्या पोरीचं लग्न आहे हो परवा."

त्यांनी बिल्ला कमरेच्या पिशवीत परत बांधला.

"मन्हा लगीनमा नाव लिधं, ते वाजामा कोन्हीच नही आयकं. त्यानंतर आज लिधं. बठ्ठी जिंदगीमा आते परत एकदाव तोंडवर उनं, मास्तर. गावनं ठेयेल नाव काबर लेऊ?"

लग्नात वाजंत्र्यांच्या गोंगाटात कुणाला ऐकू न गेलेलं नाव जन्मात पुन्हा एकदाच तोंडावर आलं, तर ते खरं सोडून गावाने ठेवलेलं का घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला होता, अजूनही येतो. पण कुणावर काढायचा ते तेव्हा कळलं नाही.

कमलचं लग्न काचेच्या बांगड्यांवर आणि काळ्या पोतीवर झालं. व्याह्यांकडच्या बायका कुजबुजल्या, मी ऐकलं न ऐकलंसं केलं. माझी बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती, जणू शाखा मीच बंद केली. नवरीला नाव घ्यायला सांगितलं तेव्हा कमल रडवेली झाली होती. खाली मान घालून काहीतरी पुटपुटली.

भिकुबाई नेहमीसारख्या दाराआड होत्या. या वेळी हातात ताट नव्हतं. त्या मांडवात आल्या. आजवर कुणाच्या लग्नात त्या अशा पुढे आल्या नव्हत्या. बायकांनी वाट दिली.

"जोरमा ले माय," त्या कमलला म्हणाल्या. "बठ्ठासले आयकू दे."

कमलने डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात नवरदेवाचं, भटूचं नाव घेतलं. वाजंत्री थांबलेली होती, मांडवाच्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

व्याही माझ्याकडे वाकले. "या बाई कोण?"

"अभिमन पाटलांच्या घरच्या," मी म्हणालो, मुद्दाम मोठ्याने.

शेजारी बसलेला वना गोंधळून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. कोण अभिमन, ते त्याला कळेना. भिकुबाईंना मात्र कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या तिथेच, बायकांच्या पुढच्या रांगेत बसल्या.