पट्टीबाईंनी लिहिलेली ओळ

तिचं खरं नाव इस्पितळात फक्त पगारपत्रकाला ठाऊक. बाकी सगळे तिला पट्टीबाई म्हणत, कारण तिच्या कोटाच्या खिशात कायम एक मोजपट्टी असे. जखमेतला पू काचेच्या बशीत पेरायचा, वर औषध मुरवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजायचं, हे तिचं काम. टिकलीभोवती जंतू वाढले नाहीत की मोकळं वर्तुळ दिसतं. पुरेसं मोठं असेल तर औषध चालतं. एकोणतीस वर्षं ती हेच करत आलेली. एक मिलिमीटर इकडचा तिकडे तिला खपायचा नाही. नवरा म्हणायचा, "आमची ही भांडतेसुद्धा मोजून."

एक शब्द तिनं हजारदा लिहिला असेल: मेथिसिलिन. पण ते औषध जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ते केव्हाच बंद पडलं. चाचणीतसुद्धा आता दुसऱ्याच औषधाची टिकली ठेवतात. नाव मात्र राहिलं. जंतू मेथिसिलिनला दाद देत नाही असं लिहिलं, की डॉक्टर समजतात: हा आडमुठा आहे, पेनिसिलिनच्या घराण्यातली जवळजवळ सगळी औषधं याच्यापुढे फुकट. डॉक्टरांना समजलं म्हणजे झालं, असं बाईंचं मत. रिपोर्ट वाचायला दुसरं येतंय कोण?

आली की. एका दुपारी एका शिंप्याची बायको प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. शिंप्याच्या उजव्या अंगठ्यात सुई मोडली होती, आत पू झाला होता आणि तो वरच्या वॉर्डात दाखल होता. सर्जननं सांगून ठेवलं होतं, चालणारं औषध कळलं तर ठीक, नाहीतर उद्या अंगठा काढावा लागेल. आता अंगठ्याशिवाय शिंपी कात्री धरणार कशानं?

"ताई, हे औषध कुठल्या देशात मिळेल?" तिनं घामानं मऊ झालेला रिपोर्ट पुढे केला. "नऊ दुकानं पालथी घातली. शेवटचा म्हणाला, हे बनायचंच बंद झालंय. लागलं तर मशीन विकते, पण मिळेल कुठे तेवढं सांगा."

रिपोर्ट काल सकाळी बाईंनीच तिच्या हातात दिला होता. "वॉर्डात द्या," एवढंच म्हणाल्या होत्या.

"म्हणजे डॉक्टरांना दाखवलाच नाहीत?"

"रिकाम्या हातानं कशी जाऊ? म्हटलं, औषध घेऊनच जावं. पहिल्याच ओळीत नाव आहे."

खोटं कशाला सांगा, बाई आधी चिडल्याच. अख्खा दिवस पाण्यात गेला होता. चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, आणि नजर त्या कागदावर पडली. त्या बाईला कळेल असा एक शब्द त्यावर नव्हता. चूक तिची नव्हती.

नियम धाब्यावर बसवून त्यांनी बंद झाकणाची बशी खिडकीच्या काचेला टेकवली. "इकडे बघा वहिनी. आजोबा जाऊन वर्षं झाली तरी दारावर पाटी त्यांचीच असते ना? तसं आहे हे नाव. औषध गेलं, पाटी राहिली. ते शोधू नका. आता इथे बघा, टिकलीभोवती मोकळं दिसतंय? इथे जंतू वाढूच शकला नाही. आणि इथेही. ही दोन्ही औषधं आपल्या इस्पितळातच आहेत."

शिंप्याच्या बायकोनं काचेवर बोट ठेवलं आणि ती रडायला लागली. बाईंनी जेवणाचा डबा तसाच झाकून ठेवला आणि तिला घेऊन थेट सर्जनकडे गेल्या. तासाभरात सलाईनमधून औषध सुरू झालं. "उद्या कापत नाही," सर्जन म्हणाला, "चार दिवस बघू."

एकोणतीस वर्षांत वॉर्डाचा जिना न चढलेल्या पट्टीबाई चारही दिवस वर जाऊन आल्या. चौथ्या दिवशी सूज उतरली. सहाव्या दिवशी अंगठा हलला.

तेव्हापासून अशा प्रत्येक रिपोर्टवर त्या नावाखालीच बाई हातानं एक ओळ लिहू लागल्या: 'हे औषध शोधू नका. चालणारी औषधं खाली आहेत. कागद लगेच डॉक्टरांना द्या.'

प्रयोगशाळेचे साहेब भडकले. "रिपोर्ट डॉक्टरांसाठी असतो, बाई."

"असतो ना. पण साहेब, खिडकीतून तो आधी कुणाच्या हातात जातो?"

महिन्याभरात ती ओळ छापूनच यायला लागली.

तीन महिन्यांनी खिडकीशी शिंपी उभा. अंगठ्यावर वाकडा व्रण, गळ्यात टेप, काखेत पांढऱ्या कापडाचा तागा.

"कोट फाटलाय म्हणे तुमचा," तो म्हणाला. "बाहेर या आणि सरळ उभ्या राहा. तुम्ही मोजलंत, आता मला मोजू द्या."

त्यानं टेपचं टोक त्या अंगठ्याखाली घट्ट दाबून धरलं. बाईंना आकडे दिसेनात, डोळे भरले होते.