न बोलावता येणारी लिफ्ट

सुनेचं काम नेमकं काय, हे शेजाऱ्यांना काही उमगलं नाही. नोकरी लिफ्टच्या कंपनीत, आणि हाताला तेलाचा डाग नाही! लिफ्टने कसं वागायचं ते ती गणिताच्या चिन्हांत लिहायची. दार ही एक वस्तू, बटण दुसरी. प्रत्येकीची अवस्था कोणती, काय घडलं की किती वेळात काय व्हायलाच हवं. मग त्यात कुठेही खोट नाही, हे सिद्ध करायची. "सासूचंही एकदा लिहून टाक," असं सासरे म्हणायचे.

ते गेले आणि सासूबाईंची अन्नावरची वासनाच उडाली. मुलगा बोटीवर नोकरीला, घरात दोघीच. दोन घास घेतले की ताट सरकवायच्या. सून आतून खचत चालली.

एका संध्याकाळी लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर, त्यांच्या दारासमोर आली. दार उघडलं. आत दिवा, आरसा, माणूस नाही. सासरे घरी यायचे तीच वेळ. सुनेच्या अंगावर सर्रकन काटा आला. सासूबाई मात्र उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"आले बघ हे. पानं घे."

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. मग रोजच लिफ्ट यायची, रोज त्या जेवायच्या, आणि सुनेला त्या आरशाकडे बघवायचं नाही.

शेजारी बिचकले, पोरं जिना चढू लागली, तक्रार कंपनीत गेली आणि फिरून हिच्याच टेबलावर आली. शोधता शोधता सापडलं. ज्या वेळी ज्या मजल्याचं बटण रोज दाबलं जातं, तिथे आधीच जाऊन दार उघडायचं, असं शहाणपण कंपनीच्या कारागिरांनी लिफ्टला शिकवलं होतं. बोलावलं की यायलाच हवं, हे हिने सिद्ध केलं होतं. बोलावल्याशिवाय येऊ नये, हे लिहायचंच राहिलं होतं. म्हणजे येत होती ती सासऱ्यांचीच सवय. हे कळल्यावर भीती जायला हवी होती. तिला रडूच कोसळलं.

पण काम ते काम. तिने ते वाक्य घातलं. लिफ्ट यायची थांबली. सासूबाई उंबऱ्यात तिष्ठत राहिल्या आणि न जेवताच निजल्या.

दुसऱ्या दिवसापासून सून कामावरून बरोबर त्याच वेळेला यायची, खाली लिफ्टमध्ये चौथ्याचं बटण दाबायची, झटकन बाहेर पडायची आणि धापा टाकत जिना चढायची. वर पोचेपर्यंत सासूबाई पानं घेत असायच्या.

एकदा मात्र त्या दारातच उभ्या होत्या, रिकाम्या लिफ्टकडे बघत.

"जिन्याने कशाला दमतेस गं?" त्या म्हणाल्या. "उद्यापासून दोघं मिळूनच या."