कुंकवाचं बोट आणि कोरा नमुना

डॉ. घोटणकरसरांची आणि माझी पहिली भेट प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी झाली. उज्जैनच्या आमच्या कॉलेजात मी नुकतीच रुजू झाले होते. "फ्लास्क धुतलात, बाई? आता पुन्हा धुवा," एवढंच बोलून सर निघून गेले. मनात म्हटलं, झालं! यांच्यापुढे आपला निभाव कसा लागायचा?

पदार्थात कणभर लपलेलं घातक द्रव्य हुडकून काढणं, हे सरांचं आयुष्यभराचं काम. बाजार खुला झाला, इथल्या भैरवगडचं छापील कापड परदेशी जाऊ लागलं, तेव्हा तिकडचे ग्राहक विचारू लागले, रंगातून विषारी काही सुटतं का? ते तपासायची रीत सरांनी आमच्या जुन्या यंत्रावर खटपट करून बसवली.

एका दसऱ्यानंतरची गोष्ट. भैरवगडचे रशीदभाई छपाईवाले कापडाचा नमुना देऊन दाराशी उभे होते. अहवाल वाईट आला तर त्यांचा माल परत आणि सगळ्या गल्लीचं नाव खराब. वीज जायची वेळ झाली होती, म्हणून कापडच आधी यंत्रावर चालवलं. आलेखाच्या कागदावर नको तिथे, घातक द्रव्याच्या जागी, टोक उठलं. बाहेरून आवाज आला, "मॅडम, कुछ निकला क्या?"

सर शांतपणे म्हणाले, "घाबरू नका. कोरा नमुना चालवल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही."

कोरा नमुना म्हणजे कापड न घालता केलेली तीच तपासणी. वीज आल्यावर ती केली, तर तेच टोक पुन्हा हजर! म्हणजे दोष आमच्याच भांड्यांत होता. पण कुठे? सरांनी स्पिरिटात भिजवलेला कापूस एकेका फ्लास्कच्या बुचावरून फिरवला. कापूस गुलाबी झाला. खंडेनवमीला सगळ्या उपकरणांची पूजा होते. प्रत्येक बुचाला कुंकवाचं बोट सर स्वतः लावत. बाजारच्या कुंकवातला रंग धुऊनही खाचेत उरला होता.

दुसरा कुणी गप्प बसला असता. सर तडक बाहेर गेले आणि हात जोडून म्हणाले, "रशीदभाई, गलती मेरी है. कल फिर से जांचेंगे." ती रात्र मी तळमळत काढली, कापडातही काही निघालं तर? सकाळी नव्या भांड्यांत नमुना चालवला. कापड निर्दोष निघालं. रशीदभाई बाकावर बसून रडले, आणि सरांनी त्यांच्यासाठी टावर चौकातून पोहे-जिलेबी मागवली. खंडेनवमीची पूजा पुढेही होत राहिली, पण कुंकू दाराच्या चौकटीला.

सर आता पंचाहत्तरीचे होत आहेत. सत्काराची शाल रशीदभाईंनी स्वतः छापून आणली आहे, आणि सरांना कुंकुमतिलक लावण्याचा मान माझ्याकडे आला आहे. कुंकवाची मेली धास्ती काही सुटत नाही! सर, तुम्ही शंभरी गाठा, डोळे आणि हात असेच शाबूत राहोत. तिलक लावून झाला की मी हात धुणार आहे, पुन्हा धुणार आहे, आणि मगच ती शाल तुमच्या खांद्यावर घालणार आहे.