गुडघाभर खोल अर्थिंग

गुलाबराव नंदागवळी पाळीवर पोहोचले की सेक्शनच्या दारापाशी भिंतीत बसवलेल्या तांब्याच्या पट्टीवर तळहात टेकवत आणि मगच आत पाऊल टाकत. खमरियाच्या कारखान्यात दारूगोळा भरण्याचं काम. अंगावर साठलेली बारीकशी वीज पट्टीतून जमिनीत उतरते, नाहीतर एक ठिणगी पुरे, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं होतं. सगळ्या नोकरीत त्यांनी ती पट्टी एकदाही चुकवली नाही. त्यांच्या पत्नी सुमनबाई रोज बुद्धवंदना करीत. गुलाबरावांचा नेम काय तो या पट्टीचा.

कारखान्याजवळच्या रांझीला घर बांधायला काढलं तेव्हा अर्थिंगचा खड्डा ते स्वतःच खणायला बसले. गुडघाभर खाली खडक लागला. मिस्त्री म्हणाला, दुसरी जागा बघू. गुलाबरावांना गरज वाटली नाही. कारखान्यातली पट्टी तरी केवढी होती? त्यांनी कोळसा आणि मीठ घातलं, तांब्याची प्लेट खडकावर आडवी ठेवली, वायर जोडली आणि माती लोटली. जमिनीला लागलं म्हणजे झालं, असं ते पुढे शेजाऱ्यांनाही सांगत. बॉम्बच्या कारखान्यातला माणूस म्हणून शेजारी ऐकत.

घरातला पत्र्याचा कूलर मात्र पहिल्या उन्हाळ्यापासून झिणझिण्या देई. त्यावर घराने एक रीत काढली. कूलरसमोर रबरी चपलांचा एक जोड कायम पडलेला असे. त्या घातल्याशिवाय कोणी कूलरला हात लावत नसे. आलेल्या पाहुण्यालाही हे आधी सांगितलं जाई. त्यांची मुलगी लता शाळेत असताना एकदा ओल्या पायांनी कूलरमध्ये पाणी भरायला गेली आणि झटका बसून भिंतीवर आपटली. बापाने तिला उठवलं, पाणी पाजलं आणि विचारलं, "चप्पल काहून नव्हती घातली?"

गुलाबराव निवृत्त झाले, लताचं लग्न होऊन ती नागपूरला गेली. दोन हजार नऊच्या मे महिन्यात ती माहेरी आली ती कडेवर मीराला घेऊन. मीरा नुकतीच रांगू लागली होती आणि जे दिसेल त्याला धरून उभी राहत होती. कूलरच्या खोलीत लता तिला खाली ठेवेना. जेवतानाही पोरगी मांडीवरच. सुमनबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि मग विचारलं. लता आईकडे नाही, बापाकडे बघत बोलली.

"बाबा, हिच्या पायात मी झोपेतही चपला घालून ठेवू काय?"

गुलाबराव म्हणाले, इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही.

"मले झालं होतं," लता म्हणाली. "कूलर नीट होत नसेल तर मी रविवारी परत जाते. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीच या नागपूरले."

सुमनबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बॉम्ब सांभाळले जन्मभर, आन् घरचा कूलर सांभाळता येऊन नाही राहिला."

 दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी श्यामसुंदरला बोलावलं. हा वस्तीतला वायरिंग करणारा, तोंडात कायम सुपारी. त्याने मेनबोर्डात नवा स्विच बसवला. वीज कुठे गळू लागली की क्षणात सगळ्या घराचा पुरवठा तोडणारा. कूलर लावला, स्विच खटकन पडला. परत वर केला, परत पडला. कूलर काढला की ठीक.

बाहेर लूचा गरम वारा वाहत होता. सुमनबाई पदराने वारा घेत बसल्या होत्या. गुलाबराव म्हणाले, स्विचच खराब निघाला. श्यामसुंदरला वाद घालायचा नव्हता.

"दादा, बोलो तो डायरेक्ट कर देता हूँ," तो म्हणाला. "मोहल्ले में सबने यही करवाया है."

डायरेक्ट म्हणजे स्विच भिंतीवर दिसायला राहील, वायर त्याला टाळून जाईल. गुलाबरावांनी लताकडे पाहिलं. ती मीराला घेऊन आतल्या खोलीत निघून गेली आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"थांब," ते श्यामसुंदरला म्हणाले. "पहिले अर्थिंग बघ."

श्यामसुंदरने होल्डरमध्ये शंभरचा बल्ब लावला. नव्या स्विचच्या आधीच्या फेजला होल्डरच्या वायरचं एक टोक, न्यूट्रलला दुसरं. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरं टोक त्याने गुलाबरावांच्या अर्थिंगच्या तारेला लावलं. बल्बमधली तार विडीच्या टोकासारखी लाल झाली आणि तेवढ्यावरच राहिली.

गुलाबरावांनी त्या लाल तारेकडे पाहिलं. अंगावरची वीज चिमूटभर. तिला उतरायला पायवाट पुरते. कूलरमधल्या पाण्याच्या बिघडलेल्या पंपातून येणाऱ्या विजेला सडक लागते. खडकावर आडव्या पडलेल्या प्लेटने ती कधी दिलीच नव्हती. म्हणून फ्यूज कधी उडाला नाही आणि वीज कूलरच्या पत्र्यावर कोणाच्या तरी हाताची वाट बघत बसली. शेजारच्या किती घरांत आपण हेच सांगितलं, ते त्यांनी मनातल्या मनात आठवून पाहिलं.

मागच्या अंगणात नहाणीचं पाणी मुरायचं तिथे माती खोल होती. तिथे सुमनबाईंचं लिंबाचं झाड होतं. खड्डा त्याला लागूनच खणावा लागला, दोन मुळ्या तुटल्या. लांब लोखंडी पाइप खोल उतरला, नवी तार आली, पंप बदलला. या वेळी श्यामसुंदरने बल्ब लावला तेव्हा त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघवेना. कूलर सुरू झाला, नवा स्विच जागचा हलला नाही. कूलरला हात लावायला कोणी पुढे होईना, तेव्हा श्यामसुंदरनेच टेस्टर लावून दाखवला, त्यातला दिवा लागला नाही.

लता रविवारी गेली नाही. पण मीराला तिने खाली सोडलंही नाही. "बघू," एवढंच म्हणाली. गुलाबराव एका शेजाऱ्याकडे जाऊन सांगून आले की मी सांगितलेलं अर्थिंग चुकीचं होतं, तपासून घ्या. तो हसला आणि म्हणाला, आमच्याकडे चपला आहेत.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी सगळ्यांचा डोळा लागला होता. अचानक पंखे थांबले. लता दचकून उठली. मीरा शेजारी नव्हती. मीरा कूलरच्या खोलीत, गळून साचलेल्या पाण्यात बसली होती. एक तळहात पत्र्यावर होता आणि ती मोठ्याने रडत होती, कारण वारा बंद झाला होता. शेजाऱ्यांचा रेडिओ चालूच होता. वीज फक्त नंदागवळींच्या घरची गेली होती. गुलाबरावांनी कूलरची पिन ओढून काढली आणि पडलेला नवा स्विच वर केला. तो वरच राहिला. नव्या पंपातूनही वीज गळू लागली होती. आधी पंप गळला की आधी पोरीचा हात लागला, हे कोणालाच सांगता आलं नाही.

लताने मीराचे तळवे उलटसुलट करून पाहिले, ओले पाय पदराने पुसले आणि तिला कोरड्या फरशीवर सोडलं.